दासोपंतांची पासोडी : वस्त्रावरील अक्षर आणि प्रतीक

वस्त्रावरील अक्षरांचा विचार करताना जपानमधील झेन परंपरेचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी मात्र या चर्चेत क्वचितच येते. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर 'पंचीकरण' हा वेदान्तविषय ओव्या व आकृत्यांच्या साहाय्याने मांडलेली ही कृती मराठी वाङ्मयात अनन्यसाधारण होय. तिचा अभ्यास प्रायः 'ग्रंथ' म्हणून होतो. तिच्या वस्त्रपणाकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वस्त्र आणि अक्षर यांचा संबंध सर्वत्र सारखा नसतो. झेन परंपरेत दीक्षा घेणारा गळ्यात 'राकुसू' हे लहान वस्त्र धारण करतो. त्याच्या आतील बाजूस गुरू स्वहस्ते अक्षरे लिहितो. ती जगाला दिसत नाहीत; धारण करणाऱ्याच्या देहाशी असतात. आपल्याकडील रामनामी उपरण्यावरील अक्षरे सर्वांना दिसतात, परंतु ती वाचण्यासाठी नसून पांघरण्यासाठी असतात. तेथे अर्थापेक्षा नामाचा स्पर्श महत्त्वाचा. पासोडीचे स्थान या दोहोंहून वेगळे आहे. तिचे नाव पांघरुणाचे. परंतु ती पांघरण्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे.

हा विरोधाभास अर्थपूर्ण वाटतो. पंचीकरणाच्या सिद्धान्तानुसार प्रत्येक स्थूल भूतात अर्धा अंश स्वतःचा व उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो. अशा पंचभूतांनी बनलेला देह हे आत्म्यावरील आवरण होय. त्या आवरणाची उकल ज्या कापडावर होते, त्याचे नावही आवरणाचेच असावे, यात प्रतीकाची संगती दिसते. दासोपंतांना ती अभिप्रेत होती असा दावा येथे नाही. मोठा पृष्ठभाग आणि टिकाऊपणा एवढ्याच सोयीसाठी कापड निवडले गेले असणे शक्य आहे.

तथापि हा आक्षेप मान्य केला तरी मांडणीचा प्रश्न उरतोच. पाच भूते आणि त्यांचे परस्परांतील अंश हा विषय मुळातच कोष्टकाचा आहे. पोथीत पान उलटले की मागचे दृष्टीआड होते. पसरलेल्या कापडावर संबंध एकत्र दिसतात, शिवाय अनेकांना एकाच वेळी पाहता येतात. झेन चित्रकार वर्तुळ काढतो तेव्हा बहुधा एकाच फटकाऱ्यात काढतो व भोवतीची रिकामी जागाही बोलू देतो. दासोपंत रिकामी जागा शब्दांनी व आकृत्यांनी भरतात. एक परंपरा मौनाकडे नेते, दुसरी विवेचनाकडे. परंतु दोन्हींत जागा हा आशयाचाच भाग आहे.

म्हणूनच सुमारे १६०० ओव्या केवळ ओळीखाली ओळ छापल्याने पासोडी हाती येत नाही. शब्द टिकतात, त्यांचे शेजार हरवते. झेन वर्तुळ तयार कपड्यांवर छापले जाते तेव्हा उलट घडते : आकृती उरते, साधना गळते. दोन्ही प्रकारांत प्रतीक अर्धेच शिल्लक राहते.

सारांश, पासोडीचे वाचन मराठीच्या अभ्यासकाने एकट्याने करण्याजोगे नाही. तत्त्वज्ञान, चित्रकला, लिपी आणि वस्त्रविद्या यांच्या अभ्यासकांनी तिच्याभोवती एकत्र बसणे आवश्यक आहे. संहिता आणि मूळ कापडाची सलग छायाचित्रे समोरासमोर ठेवून केलेला अभ्यासच या कृतीला न्याय देऊ शकेल.