बीने मापनश्रेणी : विश्वसनीयता व सप्रमाणता
फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बीने (१८५७–१९११) व त्याचा सहकारी तेओदॉर सीमाँ यांनी १९०५ मध्ये तयार केलेली आणि पुढे अनेक देशांत सुधारून वापरात आणलेली बुद्धिमापनाची श्रेणी. कोणत्याही मानसशास्त्रीय कसोटीविषयी दोन प्रश्न विचारावे लागतात. तीच व्यक्ती पुन्हा तपासली असता कसोटी जवळपास तेच फल देते काय, हा पहिला प्रश्न विश्वसनीयतेचा होय. जे मोजण्याचा दावा केला जातो तेच ती मोजते काय, हा दुसरा प्रश्न सप्रमाणतेचा होय. प्रत्येक वेळी शंभर ग्रॅम कमी दाखविणारा तराजू विश्वसनीय असतो, पण सप्रमाण नसतो. बीने श्रेणीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी समाधानकारक मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मात्र ती कोणावर, कोणत्या हेतूने आणि मानके तयार झाल्यानंतर किती काळाने वापरली यांवर अवलंबून राहिले. या दोन उत्तरांची गल्लत झाल्यामुळेच या श्रेणीचा अनेकदा दुरुपयोग झाला आहे.

निर्मिती व आवृत्त्या : सर्वसाधारण शाळेतील शिक्षण ज्यांना पेलत नाही, अशी मुले ओळखून त्यांची वेगळी सोय करावी, या हेतूने १९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक आयोग नेमला. त्या कामातून ही श्रेणी निर्माण झाली. पहिल्या श्रेणीत चढत्या काठिण्याच्या ३० कसोट्या होत्या. १९०८ च्या आवृत्तीत त्यांची वयानुसार मांडणी करण्यात येऊन मानसिक वयाची कल्पना पुढे आली. १९११ मध्ये आणखी सुधारणा झाल्या. मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना व्हिल्यम स्टर्न याने १९१२ मध्ये मांडली. तिला शंभराने गुणून येणारा बुद्धिगुणांक अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लूइस टर्मन (१८७७–१९५६) याने १९१६ च्या आवृत्तीत रूढ केला. टर्मन व मॉड मेरिल यांची द्वितीय आवृत्ती १९३७ मध्ये, तृतीय १९६० मध्ये, चतुर्थ १९८६ मध्ये व पाचवी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

विश्वसनीयता : विश्वसनीयता सहसंबंध गुणकाने व्यक्त करतात. तिचे मूल्य १ च्या जितके जवळ, तितका यदृच्छ त्रुटीचा वाटा कमी. ती काढण्याच्या प्रमुख रीती तीन : काही काळाने तीच कसोटी पुन्हा देणे, समतुल्य अशा दोन कसोट्या देणे, आणि एकाच कसोटीचे दोन भाग करून त्यांची तुलना करणे. अर्ध्या कसोटीची विश्वसनीयता पूर्ण कसोटीपेक्षा कमी येत असल्याने स्पिअरमन-ब्राउन सूत्राने ती सुधारून घ्यावी लागते. दोन अर्धांतील सहसंबंध ०·८० असल्यास पूर्ण कसोटीची विश्वसनीयता सु. ०·८९ येते.

१९३७ च्या आवृत्तीस ‘एल’ व ‘एम’ अशी दोन समतुल्य रूपे असल्याने दुसरी रीत वापरता आली. दोन्ही रूपे थोड्या दिवसांच्या अंतराने देऊन काढलेले गुणक सु. ०·८३ ते ०·९८ या मर्यादेत पडले. अडीच ते साडेपाच वर्षांच्या मुलांत ते तुलनेने कमी, तर मोठ्या मुलांत अधिक होते. तसेच उच्च बुद्धिगुणांकापेक्षा निम्न बुद्धिगुणांकांच्या पातळीवर ते अधिक आढळले. मंदबुद्धी मुले ओळखण्याच्या मूळ हेतूच्या दृष्टीने ही बाब श्रेणीच्या बाजूची आहे. याउलट, अगदी लहान वयातील एकाच चाचणीवरून मुलाचे भवितव्य ठरविणे कितपत योग्य, असा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो. गुणक पाहताना नमुनाही पाहावा लागतो. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र करून काढलेल्या मानसिक वयाच्या विश्वसनीयतेत वयातील फरकामुळेच फुगवटा येतो. प्रत्येक वयोगटासाठी स्वतंत्रपणे काढलेला गुणक अधिक भरवशाचा होय.

मापनाची प्रमाणत्रुटी : गुणक हा गटाविषयी सांगतो; एका मुलाच्या गुणांकाविषयी सांगण्यासाठी प्रमाणत्रुटी काढावी लागते. विश्वसनीयता १ मधून वजा करून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढावे व त्यास प्रमाण विचलनाने गुणावे. प्रमाण विचलन १६ व विश्वसनीयता ०·९१ असल्यास प्रमाणत्रुटी ४·८ येते. अशा कसोटीवर ७० बुद्धिगुणांक मिळालेल्या मुलाची खरी पातळी, स्थूलमानाने व शेकडा ९५ इतक्या भरवशाने, ६१ ते ७९ यांच्या दरम्यान आहे, इतकेच म्हणता येते. ०·९१ हा गुणक उत्तम समजला जातो. तरीही हा पट्टा अठरा गुणांहून अधिक रुंद आहे. म्हणून ६९ व ७१ या गुणांकांत मापनाच्या दृष्टीने काही अंतर मानता येत नाही.

वयानुसार तुलना : १९३७ च्या आवृत्तीत आणखी एक दोष होता. बुद्धिगुणांकाचे प्रमाण विचलन सर्व वयांत सारखे नव्हते. सहाव्या वर्षी ते सु. १२·५, तर बाराव्या वर्षी सु. २० होते. परिणामी आपल्या वयोगटातील स्थान कायम राखणाऱ्या मुलाचाही गुणांक सहाव्या वर्षी ११२ किंवा ११३ व बाराव्या वर्षी १२० येऊ शके. मुलाची बुद्धी वाढली असा त्याचा अर्थ लावणे चूक ठरे. १९६० च्या आवृत्तीत भागाकाराची पद्धत सोडून सरासरी १०० व प्रमाण विचलन १६ असलेला विचलन-बुद्धिगुणांक स्वीकारण्यात आल्याने हा दोष दूर झाला.

सप्रमाणता : सप्रमाणतेचे पुरावे प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात. प्रश्न संबंधित गुणाचे प्रातिनिधिक आहेत काय, हे पाहणे म्हणजे आशयाची सप्रमाणता. गुणांक बाहेरील एखाद्या निकषाशी जुळतात काय, हे पाहणे म्हणजे निकषाश्रित सप्रमाणता. ली क्रोनबाक व पॉल मील यांनी १९५५ मध्ये विशद केलेल्या संकल्पनात्मक सप्रमाणतेत सिद्धांतावरून निघणारी अनुमाने खरी ठरतात काय, हे तपासतात. वय वाढेल तसे अधिक प्रश्न सुटावेत, ही अपेक्षा बीने श्रेणी पूर्ण करते. पण वयाबरोबर उंचीही वाढते. त्यामुळे हा पुरावा आवश्यक असला, तरी पुरेसा नाही.

शालेय गुणांशी या श्रेणीचा सहसंबंध साधारणपणे ०·४० ते ०·७५ आढळला आहे. मानसशास्त्रीय कसोट्यांत हे आकडे चांगलेच होत. तथापि सहसंबंध ०·५० असल्यास त्याचा वर्ग ०·२५, म्हणजे शालेय यशातील तफावतीचा चौथा हिस्साच गुणांकाशी निगडित असतो. शिवाय या पुराव्यात काहीसे चक्रीय स्वरूप आहे. शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी कसोटी रचण्यात आली, शिक्षकांच्या अभिप्रायाचा आधार घेण्यात आला आणि शालेय यशाशी जुळते म्हणून ती सप्रमाण मानण्यात आली. यावरून ती शालेय कार्यक्षमतेचे उत्तम मापन आहे, एवढे सिद्ध होते; जन्मजात व अपरिवर्तनीय बुद्धीचे ती मापन करते, हे सिद्ध होत नाही. तसा दावा बीनेनेही केला नव्हता. बुद्धी वाढविता येत नाही, हे मत त्याने १९०९ मधील आपल्या ग्रंथात स्पष्टपणे नाकारले होते.

मानके व कालमान : १९३७ च्या आवृत्तीसाठी ११ राज्यांतील ३,१८४ व्यक्तींचा नमुना घेण्यात आला, पण ते सर्व अमेरिकेत जन्मलेले गोरे होते. इतरांच्या बाबतीत ही मानके लागू पडतात, याला त्या नमुन्यात आधार नव्हता. १९७२ च्या मानकांसाठीच्या नमुन्यात ही मर्यादा काढून टाकण्यात आली. जेम्स फ्लिन याने १९८४ मध्ये असे दाखवून दिले, की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांची कसोट्यांवरील सरासरी सु. १४ गुणांनी वाढली. म्हणजेच जुन्या मानकांवर मोजलेला गुणांक अवास्तव वाढलेला असतो. कसोटीची विश्वसनीयता टिकून राहूनही तिचे निष्कर्ष चुकू शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

भारतीय रूपांतरे : सी. एच. राइस यांची लाहोर येथे तयार झालेली हिंदुस्थानी श्रेणी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी केलेले रूपांतर १९३४ मध्ये पुढे आले व १९४० मध्ये त्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. केवळ भाषांतर न करता येथील मुलांवर प्रश्न पडताळून त्यांचे वयानुसार स्थान ठरविणे, हे या कार्याचे महत्त्व. नाणी ओळखणे, यमक जुळविणे, शब्दांचे अर्थ सांगणे यांसारख्या प्रश्नांचे काठिण्य भाषा व परिसर यांबरोबर बदलते. मूळ श्रेणीतील नऊ वर्षांचा प्रश्न मराठीत नऊ वर्षांचाच राहील, असे गृहीत धरता येत नाही. मात्र बीने-कामत कसोटी अनेक भारतीय चिकित्सालयांत आजही वापरली जाते आणि तिची मूळ मानके १९३०–४० या दशकातील आहेत. वरील विवेचन लक्षात घेता, त्यांवर काढलेला गुणांक मुलाच्या आजच्या समवयस्कांतील स्थानाचा निदर्शक मानता येत नाही.

उपयोग व मर्यादा : भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बौद्धिक दिव्यांगता व विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोहोंचा समावेश आहे. त्यांच्या निदानात बुद्धिगुणांकास स्थान असल्याने मापनातील त्रुटीचा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. जुन्या मानकांमुळे काही गुण अधिक पडलेले मूल मिळावयाच्या साहाय्यास मुकू शकते; एखाद्या दिवशी थकल्यामुळे कमी गुण मिळविणाऱ्या मुलावर नको तो शिक्का बसू शकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना मृत्युदंड देणे घटनाबाह्य ठरविले. तरीही फ्लॉरिडा राज्याने ७० ही ताठर सीमा ठेवली व ७१ गुणांक असलेल्या आरोपीस इतर पुरावा मांडण्याची संधी नाकारली. २०१४ मध्ये ‘हॉल विरुद्ध फ्लॉरिडा’ या खटल्यात न्यायालयाने ही सीमा अवैध ठरविताना मापनाची प्रमाणत्रुटी विचारात घेणे आवश्यक मानले. सांख्यिकीतील एक सूत्र येथे माणसाच्या जीवनमरणाशी निगडित झाले.

मूल्यमापन : काळजीपूर्वक रचना, मौखिक व वैयक्तिक परीक्षणामुळे मुलाच्या प्रतिसादांचे होणारे निरीक्षण आणि उच्च विश्वसनीयता हे बीने श्रेणीचे निर्विवाद गुण होत. शब्दांवरील भर, शालेय निकषांवरील अवलंबन व मानके लवकर जुनी होणे या तिच्या मर्यादा होत. सप्रमाणता हा कसोटीस कायमचा चिकटलेला गुण नसून तिच्या प्रत्येक उपयोगागणिक तो नव्याने सिद्ध करावा लागतो. त्यामुळे गुणांकासोबत त्याचा त्रुटीपट्टा व मानकांचे वर्ष नोंदविणे आणि दैनंदिन जीवनातील समायोजनक्षमतेचे स्वतंत्र परीक्षण करणे आवश्यक ठरते. शिक्षणाची सोय करण्यासाठी जन्मलेली ही श्रेणी त्या मर्यादेत वापरल्यासच उपकारक ठरते.