बुक्ला २९२ : नक्कल नेमकी कशाची?

आज एकाच मॉड्यूलबद्दल बोलायचं आहे. डॉन बुक्ला या कॅलिफोर्नियातल्या वाद्यकाराच्या २०० मालिकेतलं २९२, म्हणजे ‘लो-पास गेट’. ही मालिका १९७० च्या सुमाराची. मूळ नग थोडे, आणि ज्यांच्याकडे आहेत ते सहसा सोडत नाहीत. म्हणून हौशी आणि व्यावसायिक, दोघंही त्याच्या प्रतिकृती बनवत आले आहेत. त्या प्रतिकृतींबद्दल माझी एक तक्रार आहे.

आधी हे मॉड्यूल करतं काय, ते बघू. देवळातली घंटा एकदा वाजवा आणि थांबा. टोल पडताना आवाज खणखणीत असतो. विरताना आधी त्यातला खणखणाट जातो, मागे नुसता घुमारा उरतो. आवाज लहान होणं आणि मवाळ होणं बरोबरच चालतं. एरवी सिंथेसायझरमध्ये ही दोन कामं दोन वेगळ्या मॉड्यूलकडे असतात. बुक्लानं ती एकाच ठिकाणी आणली. २९२ मध्ये अशा चार वाहिन्या आहेत आणि प्रत्येकीला एक स्विच: फक्त पातळी, फक्त फिल्टर, किंवा दोन्ही मिळून. खरी गंमत या ‘दोन्ही’मध्ये.

आणि हे घडवतो कोण? व्हॅक्ट्रोल नावाचा एक चिमुकला भाग. बंद डबीत एक दिवा, आणि त्याच्यासमोर उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो असा कॅडमियमच्या संयुगाचा तुकडा. दिवा लागला की रोध झटकन घसरतो. विझला की सावकाश वर चढतो. किती सावकाश, हे तो आधी किती वेळ उजेडात होता यावरही अवलंबून असतं. म्हणजे बघा, तुम्ही विजेचा एक टोकदार ठोका दिलात तरी बाहेर येतो तो लाकडावर बोट मारल्यासारखा, हळूच विरणारा आवाज. तो उतार कुठल्याही नॉबवर नाही. तो त्या तुकड्याच्या आळसात आहे!

आता प्रतिकृतीच्या कागदपत्रांत काय सापडतं? पॅनेलचे फोटो, छिद्रांची मापं, अक्षरांचं वळण, सर्किटची आकृती, एकेका रेझिस्टरची किंमत. सगळं चोख. व्हॅक्ट्रोलपाशी आलं की एक भाग-क्रमांक लिहायचा आणि पुढे जायचं. अहो, एकाच क्रमांकाचे दोन नगसुद्धा सारखे वागत नाहीत; म्हणून तर जाणकार ते मोजून, जुळवून निवडतात. शिवाय युरोपात कॅडमियमवर निर्बंध आले आणि व्यावसायिक ध्वनियंत्रांतल्या या भागांना दिलेली सवलत २०१३ अखेर संपली. आकृतीत लिहिलेला भाग दुकानात मिळेलच, हे गृहीत धरता येत नाही.

२०१३ मध्येच ज्युलियन पार्कर आणि स्टेफानो डी’अँजेलो यांनी या गेटचं डिजिटल प्रारूप मांडणारा निबंध वाचला. त्यात व्हॅक्ट्रोलच्या या सुस्तीलाही गणितात जागा आहे. हातात धरायला काहीच नाही, ना पॅनेल ना वायर. तरी माझ्या मते हुबेहूब पॅनेलच्या कित्येक प्रतिकृतींपेक्षा तो निबंध २९२ शी जास्त प्रामाणिक आहे. अर्थात, अमुक एका जुन्या यंत्रात बसलेला अमुक व्हॅक्ट्रोल कसा वागतो, ते त्यातूनही कळणार नाही.

पॅनेल क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही हं. बुक्लाच्या यंत्रात आवाजाचे जॅक वेगळे आणि नियंत्रणाचे, ते बनाना जॅक, वेगळे. एकाची वायर दुसऱ्यात जातच नाही. युरोरॅकच्या मापातल्या आवृत्त्यांत सगळीकडे साडेतीन मिलिमीटरचा एकच जॅक. सोय झाली खरी, पण आवाज आणि हुकूम वेगळे ठेवण्याचा त्या माणसाचा विचार तिथे पुसला गेला.

तर ज्यांच्या हाती मूळ २९२ येईल त्यांना माझी विनंती आहे. स्क्रू काढण्याआधी यंत्र चालू करून तापू द्या. मग आत एक स्थिर सूर सोडा, वाहिनी दहा मिनिटं बंद ठेवा, म्हणजे आतला दिवा विझलेला राहील. मग एकच ठोका द्या आणि विरणारा आवाज शेवटपर्यंत रेकॉर्ड करा. लगेच दुसरा ठोका द्या, तोही घ्या. खोलीचं तापमान लिहा. कुठला भाग दुरुस्तीत बदललेला दिसतो, ते लिहा. आणि हे चारही वाहिन्यांचं करा, एकीचं करून थांबू नका.