भगव्याचा करडा

आषाढी वारीची कृष्णधवल छायाचित्रे दरवर्षी नव्याने समोर येतात. त्यातली बरीच पाहताना एक गोष्ट खटकते. पताका पांढुरक्या झालेल्या असतात आणि वारकऱ्यांचे चेहरे आहेत त्याहून उजळ. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. भगवा आणि आपली सावळी-गव्हाळ कातडी दोन्ही नारिंगीच्या पट्ट्यात येतात. रॉ फाइल कृष्णधवल करताना नारिंगीचा स्लायडर वर नेला की चेहरा उजळतो, पण पताका ढगाळ आभाळात विरून जाते. शिवाय उन्हात रापलेला चेहरा गोरा करून दाखवणे मला खोटेपणाचेच वाटते. तोच स्लायडर खाली आणला तर पताका ठसठशीत उमटते आणि पांढऱ्या टोपीखालचा सावळा चेहरा खुलतो. मात्र त्यासाठी चेहऱ्यावर पुरेसा उजेड पडेल अशी जागा छायाचित्रकाराने आधीच धरलेली हवी.

आज उणीव आहे ती या आधीच्या विचाराची. रंगीत फोटो जमला नाही की तो कृष्णधवल करून टाकायचा, अशी सवयच लागली आहे. वर क्लॅरिटी इतकी चढवायची की म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या कोरल्यासारख्या दिसाव्यात. युक्त्याही न पारखता उचलल्या जातात. छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने 1927 साली योसेमिटीतला हाफ डोम हा कडा टिपताना गडद लाल फिल्टर वापरला, कारण निळे आभाळ त्याला जवळजवळ काळे हवे होते. आषाढातल्या आभाळात निळा नसतोच; तिथे लाल फिल्टर पताका तेवढ्या पांढऱ्या करतो.

एक्स्पोजरचा हिशेबही बदलला आहे. निगेटिव्हवर सावल्या सांभाळायच्या असत. सेन्सरवर आधी पांढरा सांभाळावा लागतो. धोतराचा पांढरा एकदा पूर्ण जळला की त्यातली चुणी कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. सावलीतून बरेच काही काढता येते, फक्त नॉइज वाढतो.

डिजिटल माध्यमात कमतरता नाही, हे छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांनी दाखवले. ‘जेनेसिस’ या छायाचित्रमालिकेचे काम चालू असतानाच 2008 साली ते डिजिटलकडे वळले आणि ट्राय-एक्स फिल्मचा दाणा संगणकावर उतरवून त्यांनी जुन्या-नव्या चित्रांचा पोत एक ठेवला. त्यांची नजर त्याआधी कित्येक वर्षे करड्या छटांत मुरलेली होती.

नेहमीचा सेन्सर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांच्या जाळीतून पाहतो, म्हणून स्लायडर नंतरही हलवता येतात. 2012 साली आलेल्या लायका एम मोनोक्रोममध्ये ही जाळीच नाही. तपशील त्यामुळे अधिक नेमका मिळतो, पण फाइलमध्ये रंगाची माहिती उरत नाही. त्या कॅमेऱ्याने वारी टिपणाऱ्याला पताका गडद हवी असेल, तर हिरवा फिल्टर दिंडी समोर येण्याआधीच लेन्सवर चढवावा लागेल.