'स्नॅप' व पाटणचा मठ : एक परीक्षण

चाळीसगांवच्या दक्षिणेस सातमाळा डोंगराच्या पायथ्याशीं असलेलें पाटण संशोधकांस शके ११२८ च्या शिलालेखामुळें परिचित आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्यापन व्हावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठास निकुंभ सोइदेवानें दिलेल्या दानाचा त्यांत निर्देश आहे. त्या मठाचा माग उपग्रहचित्रांवरून लागेल, अशी आशा वाटणें स्वाभाविक आहे. ती कितपत साधार आहे हें पाहण्यासाठीं यूरोपीय अंतराळ संस्थेनें विनामूल्य दिलेलें 'स्नॅप' हें सॉफ्टवेअर आम्हीं एका संगणकावर बसविलें. त्याचें हें परीक्षण.

बसविण्यास फारसे कष्ट नाहींत. नंतरची जुळणी मात्र जिकिरीची आहे. संगणकाची मेमरी १६ जीबी असली तरी तींतील किती वापरावयाची, याची मर्यादा एका लहानशा फाइलींत लिहिलेली असते. ती वाढवूनहि आमचीं लांबलचक कामें मध्येंच बंद पडत. कारण नुसत्या हुकुमानें चालणाऱ्या 'जीपीटी'ची मर्यादा निराळ्या फाइलींत आहे, हें उशिरां ध्यानांत आलें. हे दोष त्रासदायक खरे, पण पुराव्यास बाध आणणारे नव्हेत.

बाध येतो तो पुढें. सेंटिनेल-२ च्या १३ पट्ट्यांपैकीं ४ पट्ट्या १० मीटरांच्या, ६ पट्ट्या २० मीटरांच्या व ३ पट्ट्या ६० मीटरांच्या चौकोनांनीं बनलेल्या आहेत. सर्व एका मापावर आणल्यावांचून पुष्कळ क्रिया चालतच नाहींत. म्हणून ६० मीटरांचा एक चौकोन मोडून १० मीटरांचे ३६ करतात. त्यांतील आंकडे मुळाच्या नकला तरी असतात, किंवा शेजाऱ्यांच्या मिश्रणानें बनविलेले तरी. कसर लागलेल्या पोथींतील रिकाम्या जागा लेखकानें तर्कानें भराव्या आणि पुढील वाचकानें तोच मूळ पाठ समजावा, तशांतला हा प्रकार. शिवाय मुळांतला लहानांत लहान चौकोनहि १०० चौरस मीटरांचा. दोन हात रुंदीचा पाया त्यांत निराळा कसा ओळखूं यावा? तितूरचें जुनें पात्र, बुजलेला तलाव, ओल धरणारी जमीन, इतकें या चित्रांपाशीं मागावें. मठ मागूं नये.

याहून फसवी गोष्ट आंकड्यांच्या आरंभाची. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रक्रियेंत प्रत्येक आंकड्यांत १००० मिळविलेले असतात. ते वजा न करतां जुन्या प्रक्रियेचें चित्र शेजारीं ठेवल्यास सारें रान बदललेलें दिसेल. गत व वर्तमान शक यांतील घोटाळ्यानें ज्यांनीं हात पोळून घेतले आहेत, त्यांस अधिक सांगणें नको.

'स्नॅप'चा एक गुण मात्र आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्याच्या स्वतःच्या नमुन्यांत चित्र जतन केलें म्हणजे कोणती क्रिया कोणत्या मापांनीं केली याची नोंद आपोआप सोबत राहते. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असावी, तशीच ही. छापण्यापुरतें साधें चित्र काढलें कीं ती गळते. तेव्हां पाटणविषयीं असा पुरावा पुढें करणाऱ्यानें छापील चित्रावर न थांबतां 'डिम' फाइल द्यावी. आणि तिच्या जोडीचें 'डेटा' नांवाचें फोल्डरहि द्यावें. आंकडे त्या फोल्डरांत असतात. एकटी 'डिम' फाइल म्हणजे पोथीवांचून सूची.