लेथपुढील मुलगी : एका चित्राविषयीं

नवरात्र आलें कीं आपल्या दैनिकांतून कर्तबगार स्त्रियांचीं चित्रें झळकूं लागतात, आणि त्यांत एखादी मोटारदुरुस्ती करणारी बाई बहुधा असतेच. हीं चित्रें वर्षानुवर्षें पाहून आमच्या मनांत एक शंका बळावत गेली आहे. बाईंच्या हातांत पाना असतो, पण तो कशालाच लावलेला नसतो. मागें गाडीचें झांकण उघडलेलें असतें, पण बाईंची पाठ त्याच्याकडे असते. मुद्रा हंसरी आणि आपल्याकडे वळलेली. खालच्या मजकुरांत त्यांच्या धैर्याची आणि घर सांभाळून हें सारें करण्याची वाखाणणी असते. गाडीला काय झालें होतें आणि बाईंनीं तें कसें ओळखलें, याविषयीं मात्र अवाक्षर नसतें. पुरुष मिस्त्रीची स्तुति आपण अशी करीत नाहीं. 'नुसत्या आवाजावरून दोष सांगतो' असें आपण त्याच्याविषयीं म्हणतों, आणि त्यांत त्याच्या धैर्याचा किंवा घरादाराचा उल्लेख येत नाहीं.

हा दोष छायाचित्रकाराच्या हाताचा नसून पाहण्याच्या रीतीचा आहे. निराळ्या रीतीनें पाहतां येतें हें दाखविण्यासाठीं डेम लॉरा नाइट या इंग्लिश चित्रकर्त्रीचें १९४३ सालचें एक तैलचित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. 'रूबी लॉफ्टस तोफेच्या कड्यास आटे पाडतांना' असें त्याचें रुक्ष नांव. प्रसंग दुसऱ्या महायुद्धांतील, स्थळ वेल्समधील न्यूपोर्ट येथील सरकारी शस्त्रास्त्रांचा कारखाना. रूबीचें वय त्या वेळीं एकवीस वर्षांचें होतें. ती जें कडें कापीत आहे तें बोफोर्स विमानवेधी तोफेच्या पाठीमागच्या बाजूस बसावयाचें. (बोफोर्स हें नांव आपल्याकडे १९८७ नंतर निराळ्याच कारणानें घरोघर पोचलें, येथें त्याचा संबंध नाहीं.)

चित्राचा पुढला मोठा भाग लेथयंत्रानें व्यापला आहे आणि रूबी त्याच्यावर वांकली आहे. अंगांत कारखान्याचा झगा, केस जाळींत गुंडाळलेले, कारण फिरत्या यंत्रांत एखादी बट सांपडली तर जिवावर बेततें. मागें इतर यंत्रें आणि त्यांपाशीं गुंतलेलीं माणसें. त्यांत स्त्रियाच अधिक. कोणीहि आपल्याकडे पाहत नाहीं. चित्राचें सारें मर्म आम्हांस येथेंच दिसतें. रूबी सुंदर आहे, आणि चित्रकर्त्रीनें तें लपविलेलें नाहीं. परंतु तिची दृष्टि कड्यावर खिळलेली असल्यामुळें आपलीहि दृष्टि तिच्या मुखावरून घसरत कड्यावरच जाते. फिरत्या पोलादांत कापणारें हत्यार नेमक्या वेगानें पुढें सरकलें पाहिजे आणि नेमक्या जागीं मागें घेतलें पाहिजे. क्षणाचा उशीर झाला तर हत्यार मोडेल किंवा कडें वायां जाईल, आणि सदोष कडें तोफेस बसलें तर ती डागणाऱ्यांच्याच अंगावर उलटेल. या कामास दंडाच्या बळापेक्षां नजर आणि मनगट यांचीच गरज अधिक. शारीरिक दुर्बलतेचें जें कारण स्त्रियांस अशा धंद्यांबाहेर ठेवण्यासाठीं पुढें केलें जातें, त्याला हें चित्र एक शब्द न बोलतां उत्तर देतें.

त्या कारखान्यांत हें काम सर्वांत अवघड समजलें जाई, आणि त्यासाठीं आठनऊ वर्षांची उमेदवारी लागते असा समज होता. रूबीला कारखान्याचा पूर्वानुभव मुळींच नव्हता, आणि चित्र प्रदर्शित झालें तेव्हां खुद्द युद्धाचेंच वय चार वर्षांचें नव्हतें! मग आठनऊ वर्षांचा हिशेब कोठें गेला? घाईनें उत्तर देण्याचा मोह आम्ही टाळतों. उमेदवारानें त्या वर्षांत एकच काम शिकावयाचें नसे. नाना यंत्रें, नाना धातु आणि बिघाड झाल्यास काय करावें, हें सर्व त्यांत येई. रूबी त्यांतील एक काम शिकली, आणि उत्कृष्ट शिकली. चित्र पाहून 'कारागिरी म्हणजे थोडक्या महिन्यांचा खेळ' असें म्हणणारा कारागिरीचाच अपमान करील. परंतु वर्षांचा तो दंडक धंद्याचें दार अरुंद ठेवण्यासहि उपयोगी पडत होता, हेंहि खोटें नव्हे. यंत्रकामगारांच्या ज्या संघाचें मूळ १८५१ पर्यंत जातें, त्यानें स्त्रियांना सभासदत्व दिलें तें १९४३ च्या आरंभीं.

चित्रांत उणीव नाहीं असें नाहीं. तेल, काजळी, रात्रपाळीचा शीण यांचा मागमूस फारसा दिसत नाहीं. हें काम सरकारनें सांगून करविलेलें होतें, आणि स्त्रियांनीं कारखान्यांकडे वळावें हा हेतु उघड होता. मळकट चित्रानें तो साधला नसता. प्रचाराचें चित्र म्हणून त्यास कोणी नाक मुरडील तर आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्रचारासाठीं काढलेलीं त्याच वर्षाचीं दुसरीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं.

दोन्ही अमेरिकेंतील. नॉर्मन रॉकवेलची 'रोझी' १९४३ च्या मे महिन्यांत एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आली. मायकेलअँजेलोच्या यशया प्रेषिताची बैठक तिला दिली आहे. मांडीवर रिव्हेट ठोकण्याचें यंत्र, हातांत खाद्य, पायांखालीं हिटलरचें पुस्तक. चित्र खुमासदार आहे, पण रोझी जेवणाच्या सुटींत आहे. शिवाय तिचे दंड रॉकवेलनें मुद्दाम पहिलवानी केले. समोर बसलेली मुलगी मूळची सडपातळ, आणि त्याबद्दल त्यानें पुढें तिची क्षमाहि मागितली. दुसरें चित्र जे. हॉवर्ड मिलरचें. डोक्यास ठिपक्यांचा लाल रुमाल, बाही सारून वळलेली मूठ. एका वीजसामानाच्या कंपनीच्या कारखान्यांतून तें अवघे दोन आठवडे टांगलेलें होतें. १९८० नंतर त्याचा पुनर्जन्म झाला, आणि आज तें पेल्यांवर व सदऱ्यांवर जगभर हिंडतें. त्या बाईच्या हातांत हत्यारच नाहीं! ती काय काम करते हें चित्रावरून कोणासहि सांगतां येणार नाहीं, आणि तिन्ही चित्रांत लोकांस अधिक प्रिय झालें तें हेंच. रूबीचें चित्र त्या वेळीं इंग्लंडांत भिंतीपत्रकांतूनहि सर्वत्र पोचलें होतें. आज त्याची आठवण बहुधा चित्रकलेच्या अभ्यासकांनाच आहे.

लॉरा नाइटलाच हें पाहतां आलें याचें कारण तिच्या आयुष्यांतहि असावें. नॉटिंगहॅमच्या कलाशाळेंत तिच्या विद्यार्थिदशेंत मुलींना जिवंत नग्न आदर्शावरून रेखाटन करण्याची मुभा नव्हती. मुलगे एका खोलींत, मुली प्लास्टरच्या पुतळ्यांपुढें दुसऱ्या खोलींत. १९१३ मध्यें तिनें स्वतःचें चित्र काढलें तें नग्न स्त्री समोर उभी करून, हातांत कुंचला घेऊन, प्रेक्षकांकडे पाठ करून. १९३६ मध्यें रॉयल अकादमीच्या पूर्ण सदस्यत्वास निवडून आलेली ती पहिली स्त्री. धंद्याच्या दाराबाहेर उभें राहणें म्हणजे काय हें तिला ऐकून जाणावें लागलें नाहीं. रूबीचें कौतुक करण्यापेक्षां तिचें काम नीट पाहणें अधिक महत्त्वाचें आहे, हें तिला यामुळेंच कळलें असावें, असा आमचा तर्क आहे.

चित्र रंगविलें जाण्यापूर्वींच, १९४२ मध्यें, ब्रिटिश पार्लमेंटनें कारखान्यांतील युद्धपूर्व प्रघात युद्ध संपतांच पुन्हां सुरू करण्याचा कायदा केला होता. कुशल पुरुषांच्या जागीं आलेल्या स्त्रियांनीं परत जावयाचें हें त्यांत गृहीतच होतें. रूबी युद्धानंतर पतीसह कॅनडास गेली. चित्र लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियमच्या संग्रहांत आहे, आणि त्यांतील कडें अद्याप पुरें व्हावयाचें आहे.