पहिल्या फुलाची पारख

काश्मिरांतील कबरस्तानें पाहिलेल्यांस आयरिसचें फूल अपरिचित नसेल. बियांपासून वाढविलेलें त्याचें नवें संकरज रोप दोनतीन वर्षांनीं प्रथम फुलतें, तेव्हां बागवानाच्या हातीं टीकाकाराचा अधिकार येतो. फूल टिकतें दोनतीन दिवस. निर्णय मात्र कायमचा. कारण असें प्रत्येक रोप म्हणजे हस्तलिखिताची एकमेव प्रत होय. त्याच्या बियांतून तेंच फूल पुन्हां उगवत नाहीं. मूळखोडाचे तुकडे लावूनच तें टिकवावें लागतें. उपटून टाकलें, कीं संपलें!

मग परीक्षा करावयाची ती कशाची? प्रथम दृष्टि रंगावर जाते आणि बहुधा तेथेंच फसते. वरच्या तीन पाकळ्या उन्हांत मान टाकतात काय, खालीं झुकलेल्या तीन पाकळ्यांना भरीवपणा आहे काय, दांड्यावरील फांद्या सुटसुटीत आहेत काय, कळ्या किती, हे प्रश्न रंगाच्याही आधींचे आहेत. परंतु पहिल्या बहराचें रोप कोवळें असतें. आंखूड दांडा व थोड्या कळ्या हे वयाचे दोष असूं शकतील. बेढब घडण व पातळ पाकळी हे बहुधा स्वभावाचे. या दोहोंतील भेद ओळखणें हीच खरी मार्मिकता.

इंग्लंडांत डेव्हन परगण्यांतील आर्थर ब्लिस यांचें ‘डोमिनियन’ १९१७ सालीं बागाइतांपुढें आलें. खालच्या गडद जांभळ्या पाकळ्यांची मखमल हें त्याचें वैशिष्ट्य. पण त्याची थोरवी तेवढ्यावर थांबली नाहीं. ‘कार्डिनल’ (१९१९) व ‘ब्रूनो’ (१९२२) हीं त्याच्याच वंशांतलीं. तेव्हां फूल स्वतः कसें आहे, याबरोबरच त्याच्यापासून पुढें काय निपजेल, हाही विचार परीक्षकास करावा लागतो.

म्हणून सर्वच रोपें राखावींत, असें मात्र नव्हे. जागा मोजकी असते. अपात्रीं केलेली दया पात्राचीच जागा अडविते. स्वभावदोष दिसतांच रोप काढावें. वयाच्या दोषास आणखी एकदोन बहरांची मुदत द्यावी. आम्हां अध्यापकांच्या टेबलावरही पहिलीं फुलें दरवर्षीं येतात. तीं तपासतांना आपण आंखूड दांड्यासच गुण कापीत नाहीं ना, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.