उभ्याने जाणाऱ्यांचा अभिप्राय

आमच्या शहरातल्या बससेवेची फेररचना करायची ठरली तेव्हा संबंधित उपक्रमाने प्रवाशांचे अभिप्राय मागवले. मोबाइलवर भरायचा एक फॉर्म होता. माझ्या विद्यार्थ्यांनी आमच्या वस्तीत घरोघर फिरून तो भरून घेतला, मीही त्यांच्याबरोबर होतो. बस स्वच्छ असते का, कंडक्टर सौजन्याने वागतो का, बस वेळेवर येते का, असे प्रश्न. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चांदण्या. माझी आई कंत्राटी सफाई कामगार आहे. तिची हजेरी पहाटे साडेपाचला असते आणि वस्तीवरून पहिली बस सुटते पाच पन्नासला. तेव्हा ती आणि तिच्याबरोबरच्या पंधरा-वीस बाया अंधारात पायीच जातात. मी तिला प्रश्न वाचून दाखवले. ती म्हणाली, "जी बस येतच नाही, तिच्या कंडक्टरचं वागणं मी काय सांगू?" फॉर्म पुढे सरकेना. चांदणी दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नव्हता. शेवटी मी तिच्या नावाने तीन चांदण्या दाबल्या. पुढे अहवाल निघाला आणि त्यात बहुसंख्य प्रवासी समाधानी असल्याचे वाक्य वाचले, तेव्हा त्या बहुसंख्येत आईच्या तीन चांदण्याही आहेत हे मला ठाऊक होते.

हा लेख त्या तीन चांदण्यांमुळे लिहीत आहे.

दलित साहित्याच्या वाचकाला हा अनुभव नवा नाही. प्रस्थापित समीक्षेने आमच्या लेखनाला जे प्रश्न विचारले तेही असेच होते. निकष त्यांचे, प्रश्न त्यांचे, रकाने त्यांचे. उत्तर तेवढे आम्ही द्यायचे. आमचे जगणे त्या रकान्यात बसले नाही तर दोष जगण्याचा. म्हणून 'प्रवाशांच्या अभिप्रायानुसार फेररचना' या आजच्या लाडक्या कल्पनेची समीक्षा आपल्या नियतकालिकात व्हावी यात वावगे काही नाही. बस ही आपल्या माणसांच्या दृष्टीने पुस्तकाइतकीच गंभीर गोष्ट आहे. मी तर पदवीपर्यंतची बहुतेक पुस्तके बसमध्ये उभ्यानेच वाचली.

या प्रश्नाचा फार नीट नोंदला गेलेला इतिहास अमेरिकेत सापडतो. आपण १९७२ साली पँथर हे नाव तिकडून घेतले. रोझा पार्क्सचे नाव आपल्या व्याख्यानांत हमखास येते. थकलेली एक शिवणकाम करणारी बाई जागेवरून उठली नाही आणि इतिहास घडला, अशी ती गोष्ट सांगितली जाते. तिच्या दीड वर्ष आधी लिहिलेले एक पत्र मात्र आपण वाचत नाही. २१ मे १९५४ रोजी मॉन्टगोमेरी शहराच्या महापौरांना ते लिहिले जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी. त्या तिथल्या काळ्यांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि स्त्रियांच्या राजकीय परिषदेच्या अध्यक्षा होत्या. १९४९ साली जवळजवळ रिकाम्या बसमध्ये पुढच्या बाजूला बसल्या म्हणून ड्रायव्हर त्यांच्यावर खेकसला होता आणि त्या रडत खाली उतरल्या होत्या.

पत्र अतिशय सभ्य आहे. मागण्या तीन. काळ्यांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे असे जागा भरेपर्यंत बसावे. पुढच्या दाराशी भाडे द्यायचे आणि उतरून मागच्या दाराने चढायचे, ही सक्ती काळ्यांवर नसावी. आणि गोऱ्यांच्या वस्तीत बस जशी प्रत्येक कोपऱ्यावर थांबते, तशी काळ्यांच्या वस्तीतही थांबावी. म्हणजे स्वाभिमानाच्या प्रश्नाशेजारी थांब्याचा प्रश्न त्यांनी त्याच पत्रात ठेवला. आपल्याकडे हे दोन प्रश्न वेगवेगळ्या माणसांनी वाटून घेतले आहेत. स्वाभिमान कार्यकर्त्यांकडे आणि थांबा नगरसेवकाकडे!

या पत्राचा खरा अन्वयार्थ तिसऱ्या मागणीत आहे. रॉबिन्सन स्वतःच लिहितात की काळ्यांच्या काही भागांत बस आता पूर्वीपेक्षा जास्त कोपऱ्यांवर थांबू लागल्या आहेत, याचा आम्हांस आनंद आहे. म्हणजे अभिप्रायाची दखल घेतली गेली होती! थांबे वाढवून मिळाले. बसायचे कुठे हा प्रश्न मात्र हलला नाही. व्यवस्था अभिप्राय ऐकत नाही असे आपण सरसकट म्हणतो ते बरोबर नाही. व्यवस्था ऐकते. तिचा स्वतःचा पाया हलत नाही तोवर ती आनंदाने ऐकते आणि ऐकल्याची जाहिरातही करते.

म्हणूनच त्या सभ्य पत्रात एक असभ्य वाक्यही आहे. बसच्या उतारूंपैकी तीन चतुर्थांश काळे आहेत, ते चढले नाहीत तर बस चालू शकणार नाही. पंचवीस किंवा अधिक संघटनांत बहिष्काराची चर्चा चालू आहे, असा त्याचा आशय. अभिप्रायाचे मागणीत रूपांतर होते ते इथे. १ डिसेंबर १९५५ रोजी पार्क्स यांना अटक झाली. त्याच रात्री रॉबिन्सन यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांना घेऊन कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रके काढली. बहिष्कार ३८१ दिवस चालला. बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला तो दुसऱ्याच दाव्यात, १३ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्या दाव्यातील वादी चार स्त्रिया होत्या. कॉलेजची नोकरी सोडावी लागल्यावर रॉबिन्सन पुढे लॉस एंजेलिसला गेल्या, तिथल्या शाळांतून शिकवत राहिल्या आणि १९९२ साली तिथेच वारल्या.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी त्याच शहरात बसचा प्रश्न पुन्हा पेटला, हा निव्वळ योगायोग. पण तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण या वेळी कायद्याने कुणालाही मागे बसवले जात नव्हते. बसायला जागाच नव्हती. जुलै १९९४ मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने बसचे भाडे १ डॉलर १० सेंटवरून १ डॉलर ३५ सेंट करायचे आणि ४२ डॉलरचा मासिक पास बंद करायचा, असे ठरवले. आणि त्याच सुमारास पासाडेनाच्या रेल्वेमार्गासाठी १२ कोटींहून अधिक डॉलर काढून ठेवले. प्राधिकरणाच्या उतारूंपैकी ९४ टक्के लोक बसने जाणारे होते. त्यांत दर पाचांतले चार काळे, स्पॅनिशभाषी, आशियाई. मोलकरणी, शिवणकारखान्यातल्या बाया, हॉटेलांतले कामगार. दाव्यात मांडलेल्या आकड्यांनुसार बसच्या एका उतारूमागे एक-सव्वा डॉलर अनुदान पडत होते, तर उपनगरी रेल्वेच्या, मुख्यतः गोऱ्या, उतारूमागे वीस डॉलरांहून जास्त.

बस रायडर्स युनियन या उतारूंच्या संघटनेने अभिप्राय दिला नाही, दावा लावला. आधार होता १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण: सरकारी पैशावर चालणाऱ्या कामात वर्णभेद चालणार नाही. संघटनेचे लोक बसमध्येच चढून प्रचार करत. सभांत स्पॅनिश आणि कोरियन भाषांतराची सोय असे. सप्टेंबर १९९४ मध्ये कोर्टाने भाडेवाढीला हंगामी मनाई केली. ऑक्टोबर १९९६ मध्ये दहा वर्षांचा तडजोडीचा हुकूमनामा झाला. पास राहिला आणि त्याची किंमत ४२ डॉलर ठरली. कामाच्या, शिक्षणाच्या, उपचाराच्या ठिकाणी नेणारे नवे मार्ग मान्य झाले. शिवाय हुकूमनाम्यात असा एक आकडा घातला गेला की जो मला कुठल्याही घोषणेपेक्षा क्रांतिकारक वाटतो. गर्दीच्या वेळी बसमध्ये सरासरी किती माणसे उभी असावीत, तो आकडा. १९९७ अखेर पंधरापेक्षा जास्त नकोत, २००० च्या मध्यापर्यंत अकरा, २००२ च्या मध्यापर्यंत आठ.

इथे जरा थांबले पाहिजे. 'तुम्ही समाधानी आहात का' या प्रश्नाला आपली माणसे काय उत्तर देतील? ज्याला आयुष्यभर काही मिळालेलेच नाही, तो थोडक्यात समाधान मानतो. आई पाच पन्नासच्या बसवरही समाधानी आहे, कारण तिच्या तरुणपणी तीही नव्हती. शोषिताचे समाधान मोजणे म्हणजे त्याच्या शोषणाची खोली मोजणे होय. उभी असलेली माणसे मोजता येतात. तो आकडा मनाचा नाही, शरीराचा आहे, आणि तो चुकला की कुणाला तरी कोर्टापुढे जबाब द्यावा लागतो. चांदण्यांच्या बाबतीत जबाबदार कुणीच नसतो.

आणि जबाब द्यावा लागलाच. १९९७ चे उद्दिष्ट पाळले गेले नाही. १९९८ साली संघटनेने 'जागा नाही, तर भाडे नाही' अशी मोहीम काढली. १९९९ साली कोर्टाने आणखी २४८ बस घेण्याचा हुकूम दिला. प्राधिकरण वरच्या कोर्टांत गेले, तिथेही हरले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. निवडून आलेल्या लोकांचे काम कोर्टाने का करावे, हा प्राधिकरणाचा आक्षेप अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. पण निवडून देणाऱ्यांतले जे दररोज उभ्याने जात होते, त्यांना त्या मंडळाने तोवर किती वेळा विचारले होते?

ऑक्टोबर २००६ मध्ये हुकूमनाम्याची मुदत संपली. वाढवून मागितली, मिळाली नाही. जुलै २००७ मध्ये तोवर ५२ डॉलरवर गेलेला पास ६२ डॉलरचा झाला. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने अलेक्झांडर विरुद्ध सँडोव्हाल या खटल्यात ठरवले की एखाद्या धोरणाचा परिणाम विषम होतो एवढ्यावरून खाजगी व्यक्तीला त्या कायद्याच्या नियमांखाली दावा लावता येणार नाही. भेद करण्याचा हेतू सिद्ध करा. हेतू! गावात विहिरीची जागा ठरवतानाही हेतू कुणाचा वाईट नसतो.

हे सगळे झाल्यावर त्याच शहरात नवी फेररचना आली. २०१८ पासून अभ्यास, ऑक्टोबर २०२० मध्ये मंजुरी, २०२१ अखेरपर्यंत अंमल. प्रश्नावल्या, सभा, कार्डांवरच्या प्रवासाच्या नोंदी. इतकेच नव्हे तर मोबाइल फोन कुठून कुठे जातात याचीही माहिती तपासली गेली. आराखडा वाईट नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. दुपारी आणि सुटीच्या दिवशीही बस वारंवार यावी यावर त्यात भर आहे, आणि दुपारी व सुटीच्या दिवशी कामावर जातात ती आपल्यासारखीच माणसे. ८० टक्क्यांहून अधिक उतारूंना दहा मिनिटांत बस मिळावी, असे उद्दिष्ट ठेवले. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये ड्रायव्हर पुरेसे नाहीत म्हणून फेऱ्या कमी झाल्या, तेव्हा त्या उद्दिष्टाचे वचन कुणी कुणाला दिले होते? १९९६ साली तो आकडा उतारूंच्या हातात होता. २०२० साली तो आराखड्याच्या पानावर होता. माहिती शतपटीने वाढली आणि अधिकार घटला. फोन कुठे गेला हे त्या नोंदीत दिसते. फोनवाली बाई कुठे जाऊ शकली नाही, ते दिसत नाही.

आता आपल्याकडे वळू. बाबासाहेबांनी १९२९ सालचा चाळीसगावचा प्रसंग लिहून ठेवला आहे. स्टेशनवरून वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला टांगेवाला आला नाही. वस्तीतल्याच एकाने, ज्याला सवय नव्हती त्याने, तो हाकला आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. वाहन मिळाले आणि वाहतूक नाकारली गेली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याच्या, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या, चौथ्या कलमात सार्वजनिक वाहनाच्या वापराला अडथळा करणे गुन्हा ठरवले आहे. त्या कलमाचे मोल कमी नाही. परंतु ते दारापर्यंतच पोचते. गाडी आमच्या वस्तीत येईल का, आईच्या हजेरीआधी येईल का, याबद्दल ते काही बोलत नाही. मॉन्टगोमेरीचा निकाल लागल्यावरही लॉस एंजेलिस उरले ते याच फटीत.

आणि आपली चळवळ? आपल्यातले जे शिकले ते मोटारसायकलवर गेले. मीही गेलो. बसचा प्रश्न मागे राहिलेल्यांचा झाला, त्यांतही बायांचा. रॉबिन्सन यांच्याकडे स्वतःची मोटार होती; बहिष्काराच्या काळात त्या इतरांना तिच्यातून ने-आण करत. हे वाचले तेव्हा मला लाज वाटली.

यंदा विद्यार्थ्यांनी आणि मी फॉर्मचा नाद सोडला. चौदा दिवस पहाटे साडेचार ते सहा या वेळात चौकात उभे राहून आम्ही पायी जाणाऱ्या बाया मोजल्या. कुठून कुठे, किती वाजता, हजेरी किती वाजता, एवढेच लिहिले. माहितीच्या अधिकारात अर्ज करून प्रत्येक मार्गाची पहिली फेरी आणि ती वेळ ठरवण्याचा आधार मागितला. वेळांची यादी आली. आधाराबद्दल 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर आले. मग मोजणीचे कागद आणि सह्या-अंगठ्यांचे निवेदन घेऊन आम्ही उपक्रमाच्या कचेरीत गेलो. आई सुटी टाकून आली होती. आवकच्या कारकुनाने निवेदन चाळले आणि विचारले, "हे सूचनेत घेऊ की तक्रारीत?" मागणी म्हणून घ्या, असे मी म्हटले. तसा रकाना नाही, असे तो सरळपणे म्हणाला आणि त्याने ते तक्रारीत नोंदवले. पोच आईच्या नावावर आहे.